घासलेलं ऊन

वेणूच्या हाताखालून गेलेलं भांडं कधी काळं राहिलं नाही. लग्नकार्यात चुलाण्यावरून उतरलेली पातेली कातळटेप वाडीतल्या बायका मुकाट्याने तिच्यापुढे आणून ठेवत. बाकीच्यांनी घासली की बुडाशी काळं कडं राहायचं आणि वेणूने घासली की मालकालाही आपलं पातेलं ओळखू यायचं नाही. चुलीतली राख, नारळाचा काथ्या आणि दोन दंड, एवढंच तिचं भांडवल. लिहिता-वाचता येत नव्हतं, बोलण्यात धार नव्हती, पण घासण्यात तिचा हात धरणारं बारवी धरणाच्या काठाला दुसरं कोणी नव्हतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा थोडा ताठाही होता.

त्यामुळे संस्थेच्या हेमंतने दिवाळीनंतर सौरपॅनलच्या चार पाट्या तिच्या ओट्यावर उलगडून ठेवल्या आणि "मावशी, या रोज स्वच्छ पाहिजेत, धूळ बसली की करंट कमी होतो," असं बजावलं, तेव्हा वेणूला हसूच आलं. स्वच्छता तिला शिकवायची म्हणजे माशाला पोहणं शिकवायचं. हेमंतने खिशातून मऊ फडकं काढून एक पाटी पुसून दाखवली. मग फडकं घडी करून परत खिशात घातलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना वेणूने चुलीतली राख काढली, चाळणीने चाळली, काथ्या भिजवला आणि चारही पाट्या अशा घासल्या की सुदाम, तिचा नवरा, दात घासता घासता थांबून बघत राहिला.

"भांडी हायत कं ती?" त्याने विचारलं.

"साफ ठेवा बोलला ना तो," वेणू म्हणाली आणि पाट्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. पाट्या काळ्याभोर चमकल्या. त्या दिवसापासून हा नेम झाला.

या पाट्या वाडीत सहज आल्या नव्हत्या. पावसाळ्यात खालचा ट्रान्सफॉर्मर जळाला तो तसाच होता. लाईटवाले दोनदा येऊन बघून गेले होते आणि वाडी पुन्हा रॉकेलच्या दिव्यावर आली होती. अशा वेळी संस्थेने एक घडीचं सौरपॅनल, एक चार्जरची पेटी आणि एक जादा बॅटरी देऊ केली. इलेक्ट्रिक दुचाकी वाडीत एकच होती, ती वेणूच्या घरी. पण पाट्या सांभाळणार कोण, यावर देवळापुढे बैठक झाली. शेजारची रंजना सातवी शिकलेली. ती म्हणाली, "अंगठेवाल्या बाईच्या हाती मशीन देताव? आठ दिवसांत वाट लावील." तिच्या जावयालाही गाडी घ्यायची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. हेमंत म्हणाला, "शिक्षणापेक्षा ऊन महत्त्वाचं. वेणूमावशींच्या घरामागच्या कातळावर दिवसभर ऊन आहे. पण नीट सांभाळलं नाही, तर काढून दुसऱ्या घरी देऊ." रंजनाने मान डोलावली आणि मनात ते वाक्य जपून ठेवलं.

गाडी मूळची संतोषची, वेणूच्या एकुलत्या मुलाची. मोरिवलीच्या एका कंपनीत तो ठेकेदाराकडे कामाला होता, तेव्हा त्याने ती जुनी घेतली. गणपतीनंतर ठेकेदाराने चाळीस माणसं कमी केली, त्यात तो गेला. महिनाभर गाडी मेढीला टेकून उभी होती. मग त्याची बायको प्रगती धरणाच्या सरळ रस्त्यावर ती चालवायला शिकली, दोनदा पडली, आणि उल्हासनगरात कॅम्प चारला जीन्सच्या कारखान्यात कामाला लागली. आधी धागे कापायची, आता बटणाच्या मशीनवर होती. जाऊन-येऊन अठ्ठेचाळीस किलोमीटर. कारखाना दुसऱ्या मजल्यावर, आणि पलीकडच्या गल्लीत कोणाची तरी बॅटरी पेटल्यापासून शेठ जिन्यातसुद्धा बॅटरी चढू देत नव्हता. म्हणजे जे काही भरायचं ते वेणूच्या कातळावरच भरायचं. एक बॅटरी गाडीत जायची, दुसरी दिवसभर उन्हात पाट्यांना जोडलेली राहायची. संध्याकाळी अदलाबदल.

वेणूला हे काम आवडलं. बारा किलोची बॅटरी कमरेवर घेऊन कातळ चढायचा, पेटी दगडाच्या सावलीत ठेवायची आणि पाट्या उगवतीकडे करायच्या. मग शेण, भाकऱ्या, पाणी. दुपारी पाट्या डोक्यावरच्या सूर्याकडे आणि कलत्या उन्हात मावळतीकडे. पेटीवर चार हिरवे दिवे होते. पहिल्या दिवसांत तीन वाजता चौथा दिवा लागायचा आणि वेणू कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिने केलेल्या कामाला कोणी तरी 'झालं' म्हणत होतं.

गाडीवरचा काटा केव्हाच मेला होता, त्यामुळे बॅटरीत किती आहे हे प्रगतीला कळायला मार्ग नव्हता. सकाळी सातला डब्याची पिशवी हँडलला अडकवताना ती विचारायची, "आई, भरली?"

"भरली," वेणू सांगायची.

मग डोक्याला ओढणी गुंडाळून प्रगती उतारावरून आवाज न करता निघून जायची. संतोष ओट्यावर बसून तिला वळणापर्यंत बघायचा. त्याची गाडी, त्याचा रस्ता, आणि जाणारी दुसरीच. त्याच्या चहाचा कप रोज थोडा जोराने खाली ठेवला जायचा.

माघ सरता सरता वाडीत राबाची कामं निघाली. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जमीन आधी भाजून घ्यायची. सुदाम आणि वेणू सकाळी कोयते घेऊन रानात जात, फांद्या छाटून त्यांचे भारे डोक्यावरून आणत, शेणाचा थर, त्यावर फांद्या, त्यावर पाला, त्यावर माती असं रचून वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवत. आठ दिवसांत सगळी टेकडी धुराने भरली. मानेवर काटक्यांचे ओरखडे, डोळे लाल, नाकात काजळी. ती काजळी उडून पाट्यांवरही बसायची.

त्याच दिवसांत चौथा दिवा लागायला पाच वाजू लागले. मग एक दिवस तो लागलाच नाही.

वेणू ऊन कलेपर्यंत कातळावर बसून राहिली. तीन दिवे. तिने पेटीवर थाप मारली. वायर काढून पुन्हा लावली. तीनच. धूर हाय सगळीकडं, ती मनाशी म्हणाली, पाट्या मळल्या असतील. दुसऱ्या दिवशी तिने नवा काथ्या घेतला आणि राख दुप्पट लावली. गुडघ्यांवर बसून, दंड दुखेपर्यंत. पाट्या आता चमकत नव्हत्या, करड्या दिसत होत्या, आणि तो करडेपणा म्हणजे मळच, असं समजून ती आणखी जोर लावत होती. सकाळी एकदा, रानातून आल्यावर एकदा.

"भरली?" प्रगतीने विचारलं.

तीन दिवे म्हणजे भरल्यातच जमा की. "भरली," वेणू म्हणाली.

पहिली खोटी गोष्ट तोंडातून निघाली ती अशी, चहाच्या घोटासारखी सहज. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा म्हणायला काहीच कष्ट पडले नाहीत.

त्या गुरुवारी प्रगतीला यायला उशीर झाला. सूर्य धरणापलीकडे उतरला तेव्हा ती वळणावर दिसली, गाडी ढकलत. तीन किलोमीटरचा चढ तिने हाताने चढवला होता. ड्रेस पाठीला चिकटलेला, चपलेचा अंगठा तुटलेला, आणि ओढणी काढून तिने हँडलला बांधली होती, कारण घामाने हात सटकत होते. मागून टेम्पोवाला रघु आला. गाडी हळू करून त्याने खिडकीतून विचारलं, "वहिनी, धक्का मारू कं?" आणि थांबला नाही. अंगणात आल्यावर मात्र तो संतोषला म्हणाला, "वहिनी मस्त फिरून आली वाटतं. पार बॅटरी संपेपर्यंत."

रघुला त्यात काही म्हणायचं नव्हतं. जीभ उचलून टाळ्याला लावली एवढंच. पण संतोषच्या डोक्यात ते जाऊन बसलं.

पुढच्या आठवड्यात बुधवारी तसंच झालं, आणि शुक्रवारीही. सोमवारी मात्र गाडी नीट घरी आली. रविवारी प्रगतीला सुट्टी असायची, त्यामुळे सोमवारच्या बॅटरीला दोन दिवसांचं ऊन मिळायचं. वेणूला हे कळत होतं. संतोषला कळत नव्हतं. तो जेवताना शांतपणे बोटं मोजत बोलला.

"सोमवारी पुरते. बुधवारी नाय पुरत, शुक्रवारी नाय पुरत. गाडी तीच, रस्ता तोच, वरचा सूर्य तोच. मंग सोमवारी काय उल्हासनगर जवळ येतं?"

"मला काय ठाव," प्रगती म्हणाली. "चढावर बसते. मी काय करू?"

"कुठं कुठं थांबतेस ते सांग."

"कारखान्यात थांबते. दिवसभर बटणं लावत. चलशील एक दिवस?"

सुदाम भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच बसून राहिला. वेणू उठली आणि कोणी मागितलेलं नसताना पाणी आणायला गेली.

सकाळी प्रगतीने बॅटरी उचलली आणि ती दारातच थांबली. "आई, खरंच पूर्ण भरते ना?"

आज सांगावं, असं वेणूच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं की संस्थेला कळणार, कळलं की पाट्या रंजनाच्या अंगणात जाणार. रंजना काय दुसऱ्याच्या सुनेची बॅटरी भरून देणार आहे? मग गाडी बंद, काम बंद. म्हणजे न बोलण्यात हिचंच भलं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस स्वतःला वाचवताना दुसऱ्याचं नाव किती पटकन घेतो, बघा.

"भरते गो," ती म्हणाली. "मी बघते ना रोज."

मंगळवारी हेमंत आला. सुदाम आणि संतोष राबाला गेले होते, प्रगती कामावर. तो थेट कातळावर गेला, वाकला आणि पाटीवरून नखाने एक रेघ ओढली. मग चष्मा वर करून जवळून बघितलं.

"मावशी, हे कशाने घासलं?"

"पाण्यानं."

"पाण्याने असं होत नाही. ही काच नाही, वरून प्लास्टिक आहे. सगळं खरवडलंय. हे बघा, आतलं काही दिसतच नाही. ऊन आत कसं जाणार?"

वेणूने बघितलं. इतके दिवस ती ज्याला मळ समजत होती, तो मळ नव्हता. तिने केलेले ओरखडे होते ते. बारीक, हजारो, सगळे एकाच गोल फिरणाऱ्या हाताचे. आपला हात तिला त्यात स्पष्ट ओळखू आला. कातळावरून अंगणातलं चुलीच्या राखेचं टोपलं दिसत होतं, आणि हेमंतचं लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून ती त्याच्यापुढे सरकून उभी राहिली.

"राबाची राख उडते हो इथं," ती म्हणाली. "वाऱ्यानं."

हेमंतने तिच्याकडे पाहिलं. त्याला पटलं की नाही ते समजलं नाही. "असेल. मी वर कळवतो. बदलून मिळतं का बघू, पण मिळेलच असं नाही. सुनेला सांगा, बॅटरी आता पंचाहत्तर टक्क्यांवर जात नाही. त्या हिशोबाने गाडी चालवायला सांगा."

"सांगते."

"नक्की?"

"सांगते बोलले ना. पण वाडीत नको बोलू, भाऊ. मी माझी सांगते."

तो गेला. वेणूने राखेचं टोपलं उचललं आणि परसात खड्डा करून ओतलं. वर माती लोटली. मग दुपारभर ती पाट्या पदराने पुसत राहिली, जणू लाड केल्याने त्या परत आपल्या होतील.

त्या संध्याकाळी प्रगती पुन्हा ढकलत आली. वेणू चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. आज सांगायचंच, असं ठरवून तिने दुपारपासून शब्द जुळवले होते. प्रगती आत येते, हातपाय धुते, चहा घेते, मग सांगायचं. पण संतोष अंगणातच उभा होता.

"कुठं होतीस?"

"दिसत नाय कं? ढकलत आले."

"कोणाला भेटायला जातेस?"

"तुझ्या बापाला," प्रगती म्हणाली. दमलेलं माणूस बोलतं तसं, विचार न करता. आणि संतोषने तिच्या कानाखाली वाजवली.

आवाज मोठा नव्हता. वेणूच्या हातातली भाकरी अर्धवट थापलेली होती. ती तिने पूर्ण थापली. कडा गोल केल्या, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. बाहेरून सुदामचा आवाज आला, "ए संत्या." एवढाच. प्रगतीने सीट उचलून बॅटरी काढली, आत आणून पेटीशेजारी ठेवली आणि तोंड धुवायला गेली. वेणूने तव्यावरची भाकरी उलटली. तिची एक बाजू जळली होती.

त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं. आधी सांगितलं असतं तर चूक होती, आता सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं होतं. आपण बोललो असतो तर तो हात उठला नसता, हे वेणूला झोपेतही ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी प्रगतीने पुन्हा विचारलं. गालावर बोटं अजून दिसत होती. "भरली?"

"भरली," वेणू म्हणाली, आणि पायाखालचं जोतं बघत राहिली.

गुरुवारीही विचारलं. शुक्रवारीही. शनिवारी विचारताना प्रगती तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, असं वेणूला वाटलं. पण चोराच्या मनात चांदणं. तिने मान फिरवली.

शनिवारी संध्याकाळी संतोषने बापाला सांगितलं, "उद्या कौल लावायचा. देवीलाच विचारू."

वाडीत अजून ही रीत होती. ज्याचा छडा माणसांत लागत नाही, तो गावदेवीच्या दगडापुढे मांडायचा. भगत धोंडिबा पाण्यात बुडवलेली दोन फुलं देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायचा. उजवं आधी पडलं तर माणूस खरा, डावं पडलं तर खोटा. खोट्या बाईचं पुढे काय होतं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. घरात असूनही ती घरात नसायची.

"तू येशील कं?" सुदामने सुनेला विचारलं.

"येईन ना," प्रगती म्हणाली. "मला काय भीती?"

रविवारी नऊ वाजताच ऊन चटकायला लागलं होतं. जांभळीखालच्या शेंदराच्या दगडापुढे पंचवीस-तीस माणसं जमली. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे. रंजना पुढेच बसली होती, मांडीवर नात घेऊन. प्रगती एकटी मध्ये उभी होती, कामावर जायचा निळा ड्रेस घालून. धोंडिबाने दगडाला अंघोळ घातली, शेंदूर लावला, फुलं ओली केली आणि चिकटवली.

"आई," तो म्हणाला, "सुदामाची सून सरळ वाटेनं जाती नि सरळ वाटेनं येती. खरं असंल तर उजवा दे, खोटं असंल तर डावा दे."

मग सगळे फुलांकडे बघू लागले.

फुलं दगडाला धरून होती. पाण्याचा एक थेंब शेंदरावरून ओघळला. वेणू बायांच्या मागे बसली होती, पण तिथून तिला दोन्ही फुलं दिसत होती आणि प्रगतीची मान दिसत होती. मानेवरून घाम वाहत होता. पोर नेहमीसारखीच ताठ उभी होती. वेणूच्या मनात आलं, आपण उठून बोललो तर हा खेळ आत्ता थांबेल. पाय उचलले नाहीत. डावं फूल जरासं सरकलं. बायांनी श्वास ओढला. रंजनाने नातीला छातीशी धरलं.

उजवं फूल टपकन खाली पडलं.

"उजवा!" धोंडिबा म्हणाला आणि त्याने दगडावर डोकं टेकलं.

सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. सुदामने डोळे पुसले. संतोष पुढे झाला, नारळ फोडला आणि पहिला तुकडा प्रगतीच्या हातावर ठेवला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. आता देवीने सांगितलं म्हणजे प्रश्नच मिटला. खोबरं वाटलं जाऊ लागलं. एक तुकडा वेणूच्याही हातात आला.

तिने तो तोंडापाशी नेला आणि तिला तो खाववेना. सुटलो, असं मन म्हणत होतं. कोणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. पण तोंड नसलेल्या दगडाने सुनेची बाजू घेतली होती आणि तोंड असलेली ती सासू भाकरी थापत बसली होती. शिवाय बुधवार पुन्हा येणार होता. गाडी चढावर पुन्हा बसणार होती, आणि मग हीच माणसं म्हणतील, हिने देवीलाही फसवलं.

"थांबा जरा," वेणू म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. ती उठली, बायांमधून वाट काढत पुढे आली. "थांबा. मला बोलायचंय."

माणसं थांबली. वेणू चारचौघांत कधी बोलली नव्हती, त्यामुळे सगळे बघायला लागले.

"बॅटरी भरतच नाय," ती म्हणाली. "महिना झाला. तीन दिवे लागतात, मंग अडीच. ही रोज विचारायची आणि मी भरली बोलायची. पाट्या मी खराब केल्या. राखेनं घासल्या. रोज. हेमंत बोलून गेला मला मंगळवारी, तरी मी नाय सांगितलं."

मग रंजनाला हसू फुटलं. "राखेनं? आगो बाई, सूर्याला भांडं समजलीस कं?" आणि हसू पुरुषांपर्यंत पोचलं. धोंडिबासुद्धा हसला. रघु म्हणाला, "मावशी, आमच्या टेम्पोची काच पण घासून दे एकदा." पुढे वर्षानुवर्षं वाडीत हे हसू पुरणार, हे वेणूला तिथेच उभ्या उभ्या कळलं. रंजनाने हसता हसता एवढंही सांगून टाकलं की मी बोलले होते, हेमंतला उद्याच फोन लावते.

संतोष हसत नव्हता. "मंगळवारी तू चुलीपाशीच होतीस," तो म्हणाला.

"होते."

"मंग मला अडवलं कं नाय?"

हात त्याचा आणि जाब आईला. वेणूच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण आज तिने आपल्या वाट्याचं तेवढंच बोलायचं ठरवलं होतं. "चुकलं," ती म्हणाली. "पण हात मी नाय उचलला, संत्या." शेवटचं वाक्य नको म्हणतानाच निघून गेलं. संतोषने मान खाली घातली आणि तो वाडीकडे न जाता रानाच्या वाटेने चालू लागला. सुदाम त्याच्यामागे गेला.

परतताना सासू-सुना दोघीच होत्या. वाट भाजलेल्या राबांमधून जात होती. पायाखाली गरम राख, मध्येच धुमसणारी एखादी फांदी. वेणूला दहा वेळा वाटलं, ही काही तरी बोलेल. प्रगती खोबऱ्याचा तुकडा चघळत चालली होती.

"माझ्यावर राग काढ," शेवटी वेणू म्हणाली. "चार शब्द बोल तरी."

"मला बुधवारीच कळलं होतं, आई."

वेणू थांबली.

"कॅम्पात बॅटरीवाला हाय. सकाळी गेल्या गेल्या त्याला मीटर लावायला सांगितलं. तो बोलला, इतना चलके साठ परसेंट दिखना चाहिए, ये तो पैंतीस है. घरसे भरी हुई निकलीच नहीं." प्रगती पुढे बघतच बोलत होती. "मंग मी गुरुवारी तुम्हाला विचारलं. शुक्रवारी विचारलं. काल पण विचारलं."

"मंग संत्याला का नाय सांगितलंस?"

"तो तुम्हाला विचारायला आला असता. तुम्ही बोलला असता, भरते."

खरं होतं. दोघी थोड्या पुढे गेल्या.

"मी आज पण नाय बोलले असते तर?"

"तर उद्या गेले असते ती परत आले नसते," प्रगती म्हणाली. "बटणावर माझ्याशेजारी जिज्ञासा बसते. तिच्या खोलीत जागा हाय. तिला सांगून ठेवलंय."

ती हे चिडून बोलली नाही. सांगून ठेवलंय, एवढंच. वेणूला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला तिथे जागा नव्हती. सगळीकडे राख होती.

घरी आल्यावर प्रगती आतल्या खोलीत गेली आणि कणगीच्या मागून तिने कापडी पिशवी ओढून काढली. फुगलेली, तोंड नाडीने बांधलेलं. वेणू उंबऱ्यात उभी राहिली. विचारायचा हक्क आपण घालवला आहे हे तिला समजत होतं, म्हणून ती फक्त बघत राहिली. प्रगतीने नाडी सोडली. दोन ड्रेस काढले, झटकले आणि दोरीवर टाकले. तिसरा हातात घेऊन ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तो परत पिशवीत घातला, नाडी बांधली आणि पिशवी होती तिथे, कणगीच्या मागे, सारून ठेवली.

"चहा टाकू कं?" वेणूने विचारलं.

"टाका," प्रगती म्हणाली.

वेणू चुलीकडे वळली. पुढे कित्येक दिवस त्या खोलीत झाडताना ती कणगीपर्यंत यायची आणि तिथून केरसुणी मागे घ्यायची.